पावणं जेवंना

"हळू या भाऊ, पावणं हाय आत," असं म्हणून मावशी उंबऱ्यात हात आडवा धरायच्या. हात ओला असायचा, कारण त्या कायम काहीतरी धूत तरी असायच्या नाहीतर विसळत तरी. नवा माणूस चप्पल काढून, केस सारखे करून, आवाज उतरवून आत शिरायचा आणि पाहुण्यांना नमस्कार करायला इकडेतिकडे बघायचा. खोलीत माणूस कुणीच नसायचं. टीव्हीच्या जुन्या टेबलावर काचेची एक मोठी पेटी असायची, आणि डोक्यावर हंडा घेताना बायका कापडाची चुंबळ करतात तसं वेटोळं करून तिच्यात एक साप बसलेला असायचा.

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून गावोगाव गाई भरवत, म्हणजे कृत्रिम रेतन करत, फिरणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तोच मी. मी डॉक्टर नाही, पण लोक डॉक्टर म्हणतात आणि मीही दुरुस्ती करत नाही. मावशी मात्र पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणाल्या.

त्यांचं घर महाळुंगे पडवळच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, उसाच्या फडांना लागून. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शेत शेजारी राहणारा दीर करायचा. मावशींकडे दोन गाई आणि एक मुलगा. मुलगा परदेशी, गाई गोठ्यात. त्यातली थोरली माजावर आली म्हणून त्यांनी मला फोन केला होता. गाय भरवून झाली, मी हात धुतले, आणि टॉवेल पुढे करत मावशी म्हणाल्या, "भाऊ, अजून एक जनावर हाय. तेवढं बघता का?"

मला वाटलं शेळी असेल.

मला सापाची भीती वाटते. साधीसुधी नाही, वाटेत दोरी पडलेली दिसली तरी मोटारसायकल थांबवतो अशी. वीस वर्षांच्या नोकरीत मारक्या बैलांपुढे उभा राहिलो, पण ही गोष्ट खात्यात कुणाला कळू दिली नाही. त्या दिवशीही कळू दिली नाही. दारातूनच मान पुढे काढून मी विचारलं, "काय होतंय त्याला?"

"जेवंना," मावशी म्हणाल्या. "दिवाळीपसनं तोंडात घास न्हाई. आता शिमगा आला. म्या काय करायचं राह्यलं सांगा."

घरी आलेला जावई रुसून बसावा आणि सासूनं शेजाऱ्याला खाजगीत सांगावं, तसा त्यांचा सूर होता. आपल्या घरचं अन्न पाहुण्याला गोड लागत नाही, याची त्यांना लाज वाटत होती.

हकिगत अशी, की मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत असताना त्यानं हा साप विकत घेतला. आपल्याकडचा साप घरात पाळणं गुन्हा आहे. हा आफ्रिकेतला, बुटका अजगर. रीतसर कागद, नोंदणी, सगळं मुलाच्या नावावर. मग मुलाला जर्मनीत नोकरी लागली. एका रविवारी तो गाडीत पेटी घालून आला. "आई, सहा महिने सांभाळ. तिकडं जरा स्थिर झालो की याची सोय करतो," म्हणाला. त्याला दोन वर्षं उलटली होती. सापाचं नाव त्यानं काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. ते मावशींच्या जिभेवर बसलं नाही. "आमी आपलं पावणं म्हनतो," त्या म्हणाल्या. "सहा म्हयन्यासाठी आलंय ना."

पाहुण्याचं जेवण म्हणजे उंदीर. बर्फात गोठवलेले पांढरे उंदीर दर दोन महिन्यांनी पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात यायचे. मुलानं तशी कायमची व्यवस्था लावून दिली होती. मावशी ते फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात ठेवायच्या. एकदा त्यांची जाऊ साखर मागायला आली. मावशी गोठ्यात होत्या. जावेला वाटलं, डब्यात खोबऱ्याच्या वड्या असतील. त्या दिवसापासून जाऊ त्यांच्याकडचा चहा प्यायची बंद झाली. "वड्याच व्हत्या म्हनून सांगितलं आसतं तर बरं झालं आसतं," मावशी म्हणायच्या. "पर तवर तिनं एक उचलली व्हती."

जेवायला घालण्याची पद्धतही त्यांनी मला दाखवली. उंदीर कोमट पाण्यात ठेवायचा, ऊब आली की पुसायचा, आणि भाकरीच्या नव्हे, वेगळ्या लांब चिमट्यात धरून पेटीत नाचवायचा. मावशी सोमवार, गुरुवार, एकादशी सांभाळणाऱ्या. एका हातानं पदर नाकाला लावायच्या आणि दुसऱ्या हातानं चिमटा हलवत म्हणायच्या, "घे बाबा. घे. तुझ्यासाठी लांबनं आणलाय." साप मान वळवायचा. पुन्हा चिमटा तिकडे. तो मान दुसरीकडे. अर्धा तास असा जायचा. मग तो उंदीर मावशी शेताच्या कडेला पुरून यायच्या आणि आंघोळ करायच्या.

पुण्यात माझ्या ओळखीचे एक पशुवैद्य आहेत, पोपट, कासवं, असले प्राणी बघणारे. त्यांना मी फोन लावला. ते म्हणाले, हे साप चार चार, सहा सहा महिने उपास करतात, थंडीत तर हमखास. तोंडात फेस नाही ना, श्वासाला आवाज नाही ना, ते बघा. पेटीची एक बाजू उबदार ठेवा. दर पंधरा दिवसांनी वजन करा. वजन टिकून असेल तर त्याच्या मागे लागू नका. मी विचारलं, हा प्राणी जगतो किती. ते म्हणाले, नीट राहिला तर वीस-पंचवीस वर्षं.

मावशींना हे सगळं सांगितलं. शेवटचं ऐकून त्यांनी पेटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंजे माझ्यामागं राहील ते."

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी तिकडे जाऊ लागलो. मावशी सापाला दोन्ही हातांनी उचलून भाकरीच्या जुन्या दुरडीत ठेवायच्या, दुरडी काट्यावर, आणि मी दारात उभा राहून आकडा वाचायचो. चौदाशे दहा. चौदाशे. तेराशे पंच्याऐंशी. गाई भरवल्याच्या तारखा लिहितो त्या डायरीतच मी एक पान केलं आणि वर 'पावणं' असं लिहिलं. साहेबांनी एकदा ते पाहिलं आणि ही कुठली जात, असं विचारलं. मी संकरित म्हणून सांगितलं.

या जाण्यायेण्यात माझ्या लक्षात आलं की मावशी घर सोडत नाहीत. थंडीत लाईट गेली की सापाखालची गरम पट्टी बंद पडायची. मग गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायच्या, त्या निवल्या की बदलायच्या. उन्हाळ्यात उलटं, पोती भिजवून पेटीवर टाकायची. हे दुसरं कोण करणार. दिरानं त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. दोन वर्षांत मावशी कुणाच्या लग्नाला मुक्कामी गेल्या नव्हत्या. आमच्याकडे दिवस मावळला की तसंही कुणी बाहेर पडत नाही, उसात बिबट्या असतो. मावशी दार लावता लावता म्हणायच्या, "भाईर त्यो, आत ह्यो. मधी मी." आणि हसायच्या.

वनखात्याचा एक गार्ड बिबट्याची माहिती द्यायला वस्तीवर आला होता. भला माणूस. त्यानं पेटी पाहिली, कागद पाहिले, आणि नीट समजावून सांगितलं. हा इथला साप नाही, त्यामुळे शेतात सोडायचा नाही. सोडला तर मरेल, आणि तुम्ही अडचणीत याल. कुणाला द्यायचा तर नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्यानं अर्ज करायला हवा. मुलाला सांगा, अवघड नाही.

"सांगते की," मावशी म्हणाल्या. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "मंजे सोडायचं न्हाई, द्यायचं न्हाई, मारायचं तर न्हाईच. बसा."

मुलाला त्यांनी सांगितलं नाही. का, ते एका रविवारी मी समोर बघितलं, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी वजनाला गेलो होतो आणि मुलाचा फोन आला, चेहरा दिसणारा. "आई, दाखव ना त्याला," पहिलं वाक्य हेच. मावशींनी फोन उलटा करून पेटीसमोर धरला. मुलगा सापाशी बोलत राहिला, काय रे, कसा आहेस, का जेवत नाहीस. मग आईला विचारलं, पाणी बदललंस का, कात टाकली का, पट्टी चालू आहे ना. मावशी फोनच्या मागून उत्तरं देत होत्या. हात दुखला की हात बदलायच्या. पंधराएक मिनिटांनी तो म्हणाला, "चल, ठेवतो, मीटिंग आहे." रविवारी कसली मीटिंग, ते मी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

फोन ओट्यावर ठेवत त्या म्हणाल्या, "पावणं आल्यापसनं दर आयतवारी येतो फोन. आधी म्हयना म्हयना जायचा."

उन्हं वाढली तरी साप जेवेना. तेराशे साठ. तेराशे चाळीस. मावशींनी उंदीर बदलून पाहिले, वेळ बदलून पाहिली, पेटी देवघराजवळ नेऊन पाहिली. एकदा वजन झाल्यावर त्या दुरडी मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या.

"भाऊ, एक सांगू का? मनात ठेवा. कदी कदी वाटतं, मरावं यानं. सुटंल बिचारं. मी बी सुटंन." मग खाली बघून म्हणाल्या, "आन् मग मीच तीन तीनदा उठून बघती, हालतंय का म्हनून."

मी डायरीत आकडा लिहून घेतला. 

त्यांची धाकटी बहीण घाटघरला, नाणेघाटाच्या अलीकडे. तिच्या नातीचं बारसं होतं. बहिणीचा फोन तीनदा आला. तिसऱ्या फोनला मावशी येते म्हणाल्या. म्हणून तर बसल्या, आता साप कुठे ठेवायचा? शेवटी त्यांनी त्याला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याचं तोंड नाडीनं बांधलं, अभ्रा दुरडीत आणि दुरडी पदराखाली पोटाशी. नारायणगावला आल्या. तिथून जीपनं जुन्नर, जुन्नरहून दुसऱ्या जीपनं घाटघर. हे मला आधी कळलं असतं तर मी त्यांना जाऊ दिलं नसतं, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. खरं म्हणजे साप माझ्याकडे ठेवायची पाळी येईल म्हणून मी फोनच उचलला नसता.

घाटघरच्या जीपमध्ये चौदा माणसं. शेजारी एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. वळणावर त्याचं कोपर दुरडीवर टेकलं.

"लई मऊ हाय मावशे. काय हाय, भाकरी का?"

"पावणं हाय," मावशी म्हणाल्या.

सगळी जीप हसली. म्हातारा म्हणाला, "आमाला बी आसं पदराखाली घालून न्यायला पायजे व्हतं कुनीतरी." मावशीही हसल्या. मला सांगतानाही त्यांना हसू आवरत नव्हतं. मी त्यांना इतकं हसताना तेव्हाच पाहिलं.

बहिणीच्या घरात पोरंबाळं फार. साप दिसला तर बारसं राहील बाजूला, म्हणून मावशी गुपचूप आतल्या खोलीत गेल्या. तिथं भाताची एक रिकामी कणगी होती, बांबूची, शेणानं सारवलेली, तळाला थोडा भुसा. अभ्रा सोडून सापाला त्यांनी आत ठेवलं आणि वर सूप झाकून दगड ठेवला. दोन दिवस बारशाच्या गडबडीत त्या मधूनमधून सुपाला कान लावून यायच्या. तिसऱ्या दिवशी निघताना सूप उचललं, तर साप तळाशी स्वस्थ पडलेला आणि त्याच्या पोटाच्या मध्यावर लिंबाएवढा फुगवटा. कणगी कुरतडून भुशात शिरलेला भाताचा उंदीर होता, रानातला, बर्फाबिर्फातला नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी एसटीनं आमच्या दवाखान्यात आल्या. हातात पेढ्यांचा पुडा. दवाखान्यात सात-आठ माणसं शेळ्या घेऊन बसली होती. मावशी दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, जेवलं." शेळीवाल्यांनीही पेढे घेतले. कोण जेवलं, हे कुणी विचारलं नाही.

पुण्याच्या पशुवैद्यांना सांगितलं तर ते म्हणाले, अहो, बरोबर आहे. या सापाला अंधारी, अडचणीची जागा लागते. चारी बाजूंनी काच आणि समोर माणसं असली की तो घाबरून बसतो. हे त्यांनी आधीच का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, पेटी कशी आहे हे तुम्ही कुठं सांगितलं. मी पेटीच्या जवळ जाऊन ती कधी पाहिलीच नव्हती.

मावशींनी तीन बाजूंना जुनं लुगडं लावलं, समोरची काच मुलाच्या फोनसाठी तेवढी उघडी ठेवली, आणि आत तोंड फुटलेलं एक मडकं आडवं टाकलं. संध्याकाळी उंदीर मडक्याच्या तोंडाशी ठेवायचा आणि खोली बंद करून निघून यायचं. सकाळी उंदीर नसायचा. वजन वाढायला लागलं. चौदाशे. चौदाशे सत्तर. पंधराशे वीस. मी आकडा मोठ्यानं वाचायचो, आणि मावशी तो आतल्या खोलीत कुणी ऐकतंय अशा आवाजात पुन्हा म्हणायच्या.

त्या वर्षी नागपंचमीला वस्तीवरच्या बायका दूध-लाह्या घेऊन आल्या. मावशींनी उंबऱ्यात हात आडवा धरला. "ह्यो दूध पीत न्हाई गं बायांनो. ह्यो परमुलखातला. ह्याला आपला सन बी ठावं न्हाई." पण बायका ऐकतायत कुठल्या. त्यांनी काचेलाच हळदकुंकू लावलं. गर्दीत चहा बंद केलेली जाऊही होती. तिनं लांबून हात जोडले आणि मावशींना म्हणाली, "तुमी लई वाळलाय आक्का." मावशी म्हणाल्या, "श्रावन हाय. उपास."

मी तिथं होतो. मी ते ऐकलं. रस्त्यापलीकडे चरणारी गाय चार दिवस वैरण खात नाही हे मला मोटारसायकलवरून कळतं. पण मी सापाचं वजन लिहून घेऊन गेलो.

पुढे दिवाळीनंतर त्या पोटावर हात ठेवून बसलेल्या दिसू लागल्या. जळजळ होते म्हणायच्या. मेडिकलमधून पांढरी पावडर आणून घ्यायच्या. दोन घास खाल्ले की पोट भरतं, वयच झालं, म्हणायच्या. मी सांगितलं, पुण्याला जाऊन तपासून घ्या. त्यांनी नारायणगावच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं. पुण्याला जायचं, दुर्बीण घालून बघायचं, आठ-दहा दिवस तिथं राहावं लागेल.

"जाती की," मावशी म्हणाल्या. "पावन्याची सोय लागू द्या."

त्यानंतरच्या खेपेला, मी डायरी खिशात घालत असताना, त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमी न्याल का याला? आठ दिस. पेटीसकट. काय करावं लागत न्हाई."

मी घड्याळ पाहिलं. म्हणालो, "घरात मुलं आहेत मावशी." माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती आणि तिनं तो साप हौसेनं सांभाळला असता.

"न्हाई न्हाई, सहज इचारलं," त्या लगेच म्हणाल्या. "थंडीत हालवनं बी बरं न्हाई त्याला." आणि मला चहाला थांबवून घेतलं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. हिवाळा तसाच गेला.

मुलाला काही सांगितलं का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यो तिकडं, त्याच्या जिवाला घोर कशाला. आन् सांगितलं तर म्हनंल पावणं देऊन टाक कुनाला." एवढं बोलून थांबल्या. पुढचं मला समजायला हवं होतं. मला वाटलं, त्यांना सापाचा लळा लागलाय.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी त्या गोठ्यात पडल्या. उलटीतून रक्त गेलं होतं. दिरानं गाडी करून पुण्याला नेलं. पोटात गाठ होती आणि पसरली होती. तिथले डॉक्टर दिराला म्हणाले, हे वर्षभर तरी अंगात असणार, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का. दीर मला फोनवर हे सांगत होता आणि मी रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावून उभा होतो.

तो म्हणाला, "वैनी सारख्या एकच इचारत्यात, पावन्याला पानी कोन देतंय."

मी गेलो. जावेनं किल्ली दिली आणि ती अंगणातच थांबली. मी खोलीत शिरलो, पेटीपर्यंत गेलो, झाकण उघडलं, चिमट्यानं वाटी ओढून घेतली, पाणी भरून परत ठेवली, झाकण लावलं. साप मडक्यात होता, त्यानं डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. बाहेर आलो तेव्हा माझा शर्ट घामानं भिजला होता. आठवड्यातून दोनदा जाऊन मी ते करू लागलो. चौथ्या खेपेपासून घाम येईनासा झाला.

पुण्याच्या दवाखान्यातून मावशींचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला.

"भाऊ, जेवलं का?"

मी दोनदा उंदीर कोमट करून मडक्याशी ठेवला होता. दोन्ही वेळा तो सकाळी तसाच होता.

"जेवलं मावशी," मी म्हणालो. "दोन्ही आठवड्यांत जेवलं."

"वजन?"

"सोळाशेला आलंय."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आयतवारी त्याला फोनवर दावा तेवढं. त्यानं मला इचारलं तर म्हना, बहिनीकडं गेलीय."

पण दिरानं मुलाला कळवलं होतं. तो पुढच्याच दिवशी निघाला आणि शेवटचे अकरा दिवस आईजवळ होता. मावशी पाऊस सुरू होण्याआधी गेल्या.

मी चौदाव्याच्या नंतर भेटायला गेलो. मुलाला मी फक्त आवाजानं ओळखत होतो. तीस-बत्तीसचा, उंच, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारा. चांगला मुलगा होता. मी त्याच्याविषयी मनात काय काय धरून गेलो होतो, ते त्याला बघितल्यावर मला धरून ठेवता येईना. त्यानं आल्या आल्या अर्ज केला होता. पुण्यात असे प्राणी रीतसर ठेवणारा एक माणूस होता, तो आज साप न्यायला येणार होता. आम्ही दोघांनी मिळून सापाला अभ्र्यात घातलं. शेपटीकडचं अंग मी धरलं. ते कोरडं आणि गार होतं. इतके दिवस मला वाटत होतं, ते ओलसर असेल.

तो माणूस आला, कागदांवर सह्या झाल्या, गाडी गेली. नंतर कळलं की नव्या जागी तिसऱ्या आठवड्यात साप जेवला.

गाडी गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. जाऊ चहा घेऊन आली. मुलानं विचारलं, "आई बारीक झाली होती का हो आधीपासून? तुम्ही येत होता ना."

मी म्हणालो, "मी वजनाला यायचो." मग म्हणालो, "मला कळायला हवं होतं."

"मलाही कळलं नाही," तो म्हणाला. "मी तर दर रविवारी बघत होतो." त्यानं फोन काढला. व्हिडिओ कॉल चालू असताना तो फोटो काढून ठेवायचा, तीन-सव्वातीन वर्षांचे. एकेक सरकवत त्यानं मला दाखवले. साप मडक्यात, साप पाण्याच्या वाटीजवळ, साप कात टाकताना. "आईचा एकही नाही," तो म्हणाला. "सगळे ह्याचेच आहेत."

तो सरकवत राहिला आणि मी चहा तसाच हातात धरून बघत राहिलो. मग एका फोटोवर तो थांबला. गेल्या हिवाळ्यातला असावा. साप कोपऱ्यात होता, आणि बाकीच्या मोकळ्या काचेत, उजव्या बाजूला, दारातून येणाऱ्या उजेडात मावशी दिसत होत्या. काचेत पडलेलं प्रतिबिंब. एका हातानं फोन पुढे धरलेला, दुसऱ्या हातानं त्या हाताचं कोपर सावरलेलं. गालाची हाडं वर आलेली. त्या सापाकडे बघत नव्हत्या. फोनच्या वरून, मुलाचा आवाज जिथून येत होता तिकडे बघत होत्या.

मुलानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले आणि काहीच कळेनासं झालं. त्यानं तो पुन्हा लहान केला, आणि तेवढासाच आम्ही दोघं बघत बसलो.